तारा, टेम्पो आणि वडाप: मर्सिडीजचं नाव नेमकं झालं कशानं?

वडापकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज एकदाचं टाकतो, लांबलंय, आधीच माफी. मागच्या रविवारी पुतण्याच्या साखरपुड्याला गेलो होतो, हॉलच्या दारात पाहुण्यांची एक नवीकोरी पांढरी मर्सिडीज लागली आणि निम्मी पोरं तिच्याबरोबर सेल्फी काढायला पळाली. आमचे थोरले चुलते, अण्णा, वय ८४, खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. मला म्हणाले, "मर्सडी व्हय? म्या चालवलीया की, बारा वर्सं." पोरं फिदीफिदी हसली. पण अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांनी चालवली ती टाटा मर्सिडीज, नाकवाला ट्रक. कोल्हापूरहून गूळ भरायचा आणि मशीद बंदरला टाकायचा, वाटेत खंबाटकी, कात्रज, खंडाळा असे तीन घाट, तेही त्या काळच्या रस्त्यांनी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५४ मध्ये टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाली डायमलर-बेंझ यांचा पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. पुढच्या जाळीवर मधोमध तो तीन टोकांचा तारा. १९६९ ला करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटाचा T आला, गाडी मात्र बरीचशी तीच राहिली. आमच्याकडचे ड्रायव्हर त्यानंतरही कित्येक वर्षं "मर्सडी"च म्हणत होते.

तर मुद्दा असा की आपल्याकडे मर्सिडीज म्हटलं की लोकांना शेठ, सिनेमावाले आणि बिल्डर आठवतात. मला वाटतं हे उलटं आहे. नाव आधी ट्रकनं, टॅक्सीनं, टेम्पोनं कमावलं आणि शेठ लोक त्या नावावर नंतर येऊन बसले. जाणकारांनी भर घालावी, आणि चुकत असेन तर कान धरावा.

घाटमाथा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अण्णांना नमस्कार सांगा.

पिंपरीचा निवृत्त
वडापकर, धागा आवडला. मी आयुष्य पिंपरीच्या एमआयडीसी पट्ट्यात काढलं, थोडी भर घालतो.

तुम्ही करार लिहिलात पण माणूस राहिला. टेल्कोत ज्यांनी हे सगळं उभं केलं ते सुमंत मूळगांवकर, आपलाच मराठी माणूस. सुमोतलं "सु" आणि "मो" त्यांच्याच नावाचं, हे बहुतेकांना ठाऊक असेल. त्यांची मोठी गोष्ट ही की जर्मनांकडून नुसते सुटे भाग आणून जोडत बसले नाहीत. डाय कशी बनवायची, जिग-फिक्श्चर कसं बनवायचं, पोरांना कानस धरायला कशी शिकवायची इथपासून सुरुवात केली. साठच्या दशकात पुण्यात कारखाना आला तो आधी मशीन टूल बनवायला, गाड्या नंतर. आमच्या पिढीत टेल्कोची ॲप्रेंटिसशिप केलेला पोरगा म्हटलं की मुलीचे वडील पुढचं काही विचारत नसत. करार संपल्यावर तारा काढून T लावला आणि तरी गाडी चालत राहिली, त्याचं कारण हे.

आता दुसरा भाग. १९९४ मध्ये मर्सिडीज परत आली, या वेळी मोटारी घेऊन, आणि ते पण पिंपरीत टेल्कोच्याच आवारात. १९९५ ला पहिली ई क्लास निघाली ती डब्ल्यू १२४. गाडी म्हणजे काय सांगू, दार लावलं की बँकेच्या तिजोरीचं लावल्यासारखा आवाज. पण त्याच वर्षी जर्मनीत ई क्लासचं पुढचं मॉडेल, ते गोल चार दिव्यांचं, आलं होतं. इथल्या पैसेवाल्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार, त्यानं विचारलं की आम्हाला जुना माल का? विक्री अपेक्षेच्या खूप खाली राहिली. गंमत बघा, जे मॉडेल लोकांनी जुनं म्हणून नाकारलं त्यालाच आज जगभरातले शौकीन शेवटची खरी मर्सिडीज म्हणून शोधत फिरतात. २००९ ला कारखाना चाकणला गेला, ती वेगळी कथा.

बाजिंदा
काका, दाराच्या आवाजाबद्दल +१. बाकी ठिकाणी दार लावलं की पत्र्याचा डबा.

नोझल
मी मेकॅनिकचा मुलगा, त्यामुळे इंजिनाकडूनच बोलणार. वडापकर, तुमच्या आयडीतच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे हो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं ज्या ट्रॅक्स जीपा वडापला, म्हणजे सीटा भरून भाड्यानं पळायच्या त्यांच्या बॉनेटखाली काय होतं माहितीये का? ओएम ६१६. २.४ लिटरचं चार सिलिंडर डिझेल, मर्सिडीजच्या २४० डी मोटारीचं इंजिन, लायसन्सवर बजाज टेम्पोनं आकुर्डीत बनवलेलं. नंतरच्या मॅटेडोरलाही तेच.

आणि ती २४० डी म्हणजे कोणती, तर ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची गाडी, जी ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीनं त्याच्याकडून घेऊन म्युझियममध्ये ठेवली. ४६ लाख! इंजिनं बदलली त्यानं अधूनमधून, एकाच इंजिनावर एवढं नाही, उगाच थापा नकोत. पण म्हणजे काय, तर ग्रीसचा टॅक्सीवाला आणि आमच्या पाटण-कराड लाईनचा वडापवाला एकाच इंजिनावर पोट भरत होते, फक्त आपल्याकडं मागं सहा, मधे पाच, पुढं चार, दोन लटकलेले आणि टपावर कोंबड्यांची पाटी.

लहानपणी पहाटे मॅटेडोर चालू करायचं काम माझ्याकडं असायचं. डॅशबोर्डवर एक बारकी जाळी, तिच्या आत तार. खटका ओढून धरायचा आणि तार लाल होईपर्यंत वाट बघायची, याला हीटर मारणं म्हणायचं. थंडीत वडील मोजायला लावायचे, वीसपर्यंत मोज म्हणायचे, मी पंधराला सोडायचो आणि मग धूर नुसता, गाडी चालू नाही, आणि पाठीत धपाटा. त्या इंजिनाला जोर नव्हता हे पण कबूल, मोटारीत ६५ घोडे आणि इथं भरलेली ट्रॅक्स, चढाला सायकलवाला पुढं जायचा. पण थांबायचं नाही. आणि बिघडलं तरी रस्त्याकडेला खोलता यायचं. मायकोच्या डिझेल पंपाला हात लावायचा नाही एवढा एकच नियम, बाकी सगळं १३-१७ च्या पान्यात. एकदा एका दुकानदारानं, नाव नको, डुप्लिकेट रिंगा गळ्यात मारल्या होत्या, त्यावर पण ते आठ महिने ढकललं वडिलांनी.

इंद्रायणीकाठ
बजाज टेम्पोवरून आठवलं, "टेम्पो" हा आपला शब्दच मुळात जर्मन कंपनीचं नाव आहे ना? हॅम्बुर्गची विडाल अँड झोन, त्यांच्या तीनचाकीचा ब्रँड टेम्पो. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली ती त्यांच्याबरोबर. पुढे तिकडे टेम्पो गेली हानोमागकडे आणि हानोमागची व्हॅन-ट्रकवाली शाखा डायमलर-बेंझकडे. म्हणजे आपण घर बदलताना "टेम्पो सांगितलाय का" म्हणतो तेव्हा नकळत हॅम्बुर्गच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं नाव घेत असतो. तिकडे जर्मनीत हा शब्द आज कुणाला विचारा, नाक पुसायचा कागदी रुमाल म्हणतील, तो वेगळा ब्रँड.

वडापकर
@नोझल, अहो हे मला माहीतच नव्हतं! आयडी ठेवताना फक्त गावची आठवण म्हणून ठेवलेला. मोठ्ठा नमस्कार.
@इंद्रायणीकाठ, रुमाल, हे भारी आहे.

मुक्ता_क
सगळे पुरुष इंजिनात शिरलेत म्हणून मी जरा मागे जाते. नाव कशानं झालं विचारताय तर सुरुवात कार्ल बेंझच्या बायकोपासून, बर्थापासून करा की.

कार्ल बेंझला तीनचाकी मोटारीचं पेटंट मिळालं २९ जानेवारी १८८६ च्या अर्जावर. गाडी होती, पण ती घेणार कोण? लोकांना घोड्याशिवाय चालणारी वस्तू म्हणजे भुताटकी वाटायची आणि कार्लसाहेब स्वतः भिडस्त, सारखे सुधारणा करत बसायचे. त्यांच्या धंद्यात बर्थाचा लग्नातला पैसा आधीच गेलेला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई पहाटे नवऱ्याला न सांगता दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्डला घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. शंभरावर किलोमीटर. निघताना चिठ्ठी ठेवली की आईकडे जातोय, गाडीनं जातोय हे लिहिलं नाही म्हणतात :)

वाटेत इंधन संपलं, तर वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, तेव्हा ते डाग काढायला विकत. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. वायरचं आवरण गेलं तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तर एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरं ढकलत होती आणि म्हणूनच परत आल्यावर तिनं कार्लला सांगितलं की अजून एक गियर पाहिजे, चढाचा. नोझल, तुमच्या ट्रॅक्सच्या पहिल्या गियरची आजी ती.

आणि मर्सिडीज हे नाव पण एका मुलीचंच. नीस शहरात एमिल येलिनेक नावाचा बडा व्यापारी होता, डायमलरच्या गाड्या श्रीमंतांना विकायचा, शर्यतीत मुलीच्या नावानं उतरायचा. त्यानं कंपनीच्या मागे लागून अजून ताकदीची, खाली बसकी गाडी करून मागितली आणि अट घातली की नाव मुलीचं, मर्सिडीज. विल्हेल्म मायबाखनं बनवलेली ती ३५ घोड्यांची गाडी १९०१ ला नीसला सगळ्यांना मागे टाकून गेली. खुद्द गॉटलीब डायमलर १९०० मध्येच गेले, त्यांनी या नावाचं वैभव पाहिलंच नाही. बेंझ आणि डायमलर कंपन्या एकत्र आल्या त्या तर १९२६ ला, पहिल्या महायुद्धानंतर महागाईनं दोघांचं कंबरडं मोडल्यावर.

नीरक्षीर
कौतुक सोहळा छान चाललाय पण धाग्यात "नाव" म्हटलंय तर नावाला लागलेलं पण लिहा की राव.

हिटलरची आवडती गाडी कुठली? मर्सिडीज ७७०. त्या उघड्या गाडीत उभा राहून हात वर केलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. कंपनीनं विमानांची इंजिनं बनवली, ट्रक बनवले, आणि १९४४ मध्ये तिथं काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक जबरदस्तीनं आणलेले होते, पूर्वेकडच्या देशांतून उचललेले नागरिक, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी. १९८६ ला मोटारीची शंभरी साजरी होण्याच्या सुमारास लोकांनी याबद्दल विचारायला सुरुवात केली तेव्हा कुठे १९८८ मध्ये दोन कोटी मार्क दिले गेले. युद्ध संपून ४३ वर्षं झाली होती. निम्मे तर हयात पण नसतील.

आणि मुक्ताताई, तुमच्या गोष्टीचं पुढचं टोक सांगतो. त्या येलिनेकचे वडील ॲडॉल्फ येलिनेक हे व्हिएन्नातले नामांकित राबाय, ज्यू धर्मगुरू. म्हणजे हिटलर आयुष्यभर ज्या गाडीत मिरवला तिच्यावर एका राबायच्या नातीचं नाव होतं.

मुक्ता_क
हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

चाकण_शिफ्ट
आणि डिझेलचं? डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत फसवल्याबद्दल फोक्सवॅगनचं नाव २०१५ ला जगभर झालं, एक कोटी दहा लाख गाड्या, पण मर्सिडीजवाले पण काही धुतल्या तांदळाचे नव्हते. २०१९ ला स्टुटगार्टच्या सरकारी वकिलांनी ८७ कोटी युरो दंड ठोकला आणि २०२० ला अमेरिकेत सरकारबरोबर मिटवताना दीडशे कोटी डॉलर गेले. नोझलभाऊ ज्या डिझेलच्या आरत्या गातायत त्याच डिझेलवर हे झालंय.

नोझल
दादा, ओएम ६१६ नं कधी धूर लपवला नाही. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला विचारा.

बाजिंदा
=)) =)) वारलो

स्टुटगार्टचा पाहुणा
गेली बरीच वर्षं इथं स्टुटगार्टला आहे, कंपनीत नाही, पण आजूबाजूला सगळे तिथलेच. इथं कुणी "मी मर्सिडीजमध्ये आहे" म्हणत नाही, जुने श्वाबी, म्हणजे इथले स्थानिक लोक "डायमलरकडे कामाला" एवढंच म्हणतात, जसं आपल्याकडे "टेल्कोत" म्हणायचे. २०२२ ला कंपनीनं स्वतःचं नाव बदलून मर्सिडीज-बेंझ ग्रुप केलं, ट्रकवाली डायमलर वेगळी झाली, तरी शेजारचे आजोबा अजून डायमलरच म्हणतात. अण्णांच्या "मर्सडी"सारखंच.

वडापकरांचा मुद्दा इथं राहून जास्त पटतो. बाहेरच्या माणसाला मर्सिडीज म्हणजे श्रीमंती, इथं स्टेशनबाहेर हस्तिदंती रंगाच्या टॅक्सींची रांग म्हणजे मर्सिडीज, कचऱ्याची गाडी, बस, फायर ब्रिगेड सगळीकडे तारा. कामगारांना सवलतीत गाडी मिळते, वर्षभर वापरून विकतात, त्या गाड्यांना वर्षाची गाडी असंच नाव आहे आणि त्यांचा वेगळा बाजार आहे. त्यामुळे फिटरच्या दारात मर्सिडीज हे इथं नवल नाही.

पण एक दुरुस्ती. नुसत्या टॅक्सीनं झालं असंही नाही. सुरक्षिततेचं श्रेय द्यायला हवं. बेला बारेनी नावाचा इंजिनिअर होता, त्याची कल्पना अशी की गाडी रणगाड्यासारखी कडक करू नका, पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपू द्या म्हणजे धक्का तिथं जिरेल, माणूस बसतो तो मधला पिंजरा तेवढा कडक ठेवा. तेव्हा हे लोकांना वेडेपणाच वाटलं असणार. १९५१ ला पेटंटचा अर्ज, १९५९ च्या गाडीत प्रत्यक्षात. आज आपण "पत्रा काय पातळ आहे, लगेच चेपतो" म्हणून नाक मुरडतो ना, तो चेपतो म्हणून माणूस वाचतो. १९७८ ला बॉशबरोबर एबीएस (ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी सोय) आणलं ते पण एस क्लासमध्ये आधी.

नीरक्षीर
सुरक्षितता म्हणता तर १९९७ आठवा. नवी छोटी ए क्लास आली, स्वीडनच्या एका मासिकानं रस्त्यात अचानक सांबर आलं तर गाडी कशी वळते याची चाचणी घेतली, तिकडं सांबर म्हणजे तो थोरला एल्क, आणि गाडी चक्क उलटली. आधी कंपनीनं उडवून लावलं. मग जगभर हसं झालं तेव्हा विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं, सगळ्या गाड्यांना ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी सोय) बसवून दिलं. आणि १९५५ ची फ्रान्समधली ले मान्सची शर्यत, पिएर लेवेगची मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली, ऐंशीच्या वर माणसं गेली.

स्टुटगार्टचा पाहुणा
दोन्ही खरं आहे. ले मान्सनंतर त्याच रात्री बाकीच्या गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या आणि त्या वर्षाअखेर रेसिंगच बंद केलं, परत यायला तीसेक वर्षं लागली. आणि ए क्लासच्या फजितीमुळे ईएसपी महागड्या गाडीतून छोट्या गाडीत उतरलं, नाहीतर आणखी दहा वर्षं ते शेठ लोकांपुरतंच राहिलं असतं. मला विचाराल तर खरी घसरण सांबरानं नाही केली, हिशेबनीसांनी केली. १९९८ ला अमेरिकेची क्रायस्लर मोटार कंपनी घेतली, मोठं व्हायची हाव. त्याच काळातल्या ई क्लासला गंज लागायचा, मर्सिडीजला गंज! २००५ ला १३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २००७ ला क्रायस्लर जवळपास फुंकून टाकली. आधी इंजिनिअर गाडी बनवून मग किंमत ठरवायचे, नंतर किंमत ठरवून गाडी बनवायला लागले, असं इथले जुने लोक म्हणतात.

पिंपरीचा निवृत्त
पाहुण्यांचं शेवटचं वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक कारखान्याला लागू आहे, जास्त बोलत नाही.

वडापकर
वाचतोय सगळं, दिवसभर कामात होतो. नीरक्षीर, तुम्ही टोचलंत ते बरं केलंत. मी "नाव खालून वर गेलं" म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अण्णा होते, १९४४ चे ते निम्मे लोक नव्हते. ते पण खालचेच की. त्यांचं नाव कुठं झालं. तेवढा मुद्दा मागे घेतो. बारेनीचं पण मान्य.

काल अण्णांना फोनवर धाग्यातलं थोडं वाचून दाखवलं. बर्थाबाईनं पिनेनं नळी साफ केली ऐकून म्हणाले, "मंग? आमीबी तसंच करायचो." हिटलरचं ऐकून काहीच बोलले नाहीत, थोड्या वेळानं एवढंच विचारलं, "त्यास्नी पगार व्हता का?" नव्हता म्हणालो.

एक राहिलं. १९७० च्या आसपास मालकानं तो ट्रक भंगारात काढला तेव्हा अण्णांनी पुढच्या जाळीवरचा तारा मागून घेतला होता. तो अजून घरात आहे. खंडेनवमीला कोयता, विळा, पाने मांडतात त्यांच्या शेजारी ठेवून हळदकुंकू लावतात.

नोझल
फोटो टाका! आणि तारा कशाचा आहे, पितळ का ॲल्युमिनियम? गॅरेजला एक दोस्त जुने ट्रक जमवतो, तो वाट्टेल ती किंमत देईल.

वडापकर
चुंबक चिकटत नाही, हलका आहे, बहुतेक ॲल्युमिनियम. एक टोक वाकलंय, खंबाटकीत बैलगाडीच्या जुवाला घासला होता म्हणे. किंमतीचं अण्णांना विचारायची माझी टाप नाही, तुम्ही दसऱ्याला घरी या आणि तुम्हीच विचारा.